पोलादाच्या स्केलनं केलेली पेटी

मी हे लिहायला बसलो, याबद्दल आधीच माफी मागतो. ज्या वाद्याबद्दल लिहितोय ते मला वाजवता येत नाही. सुतारकामही येत नाही, कारण आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते मला कधी शिकू दिलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, म्हणून घरातलं लिहिण्या-वाचण्याचं काम माझ्याकडे येतं. एवढाच माझा हक्क. शब्द कुठं चुकले तर सांभाळून घ्यावं. एक गोष्ट मी वेळेवर बोललो नव्हतो, ती निदान लिहून तरी ठेवावी म्हणून हा खटाटोप.

आम्ही कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीचे. आप्पा रोज सकाळी सायकलनं उद्यमनगरात कामाला जायचे. त्यांचं काम पॅटर्न मेकरचं. हे काम पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. फाउंड्रीत पंपाचा किंवा व्हॉल्व्हचा भाग ओतायचा असेल, तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो. ते लाकूड वाळूत दाबून त्याचा साचा घेतात आणि मग त्या साच्यात धातूचा रस ओततात. तयार झालेला लोखंडी भाग सगळे बघतात, त्याआधीचं लाकूड कुणी बघत नाही. आप्पांनी तीस वर्षं असं कुणाच्या नजरेस न पडणारं लाकूड घडवलं. दुकान ज्यांचं, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. चाचा आप्पांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, त्यांचे वडीलही हेच काम करायचे. शिवणीच्या लाकडाचा वास, सरसाच्या डब्याखालची शेगडी आणि कोपऱ्यात साठलेला पिवळा भुसा एवढं आठवलं, की ते दुकान माझ्यासमोर उभं राहतं.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना त्या दुकानात गोव्याहून एक मॅडम आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, पायात साध्या चपला. त्या मुलांना पियानो शिकवायच्या. तरुणपणी काही वर्षं जर्मनीत होत्या, तिथं एका कारागिराकडे त्यांनी हार्पसिकॉर्ड नावाचं वाद्य बनताना पाहिलं होतं. तसं एक आपल्याकडे करून घ्यावं, ही त्यांची जुनी इच्छा. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की एवढं बारीक लाकूडकाम हवं असेल तर कोल्हापूरच्या पॅटर्नवाल्यांना विचारा.

त्यांनी टेबलावर एक नकाशा पसरला. जर्मनीतल्या एका संग्रहालयात ठेवलेल्या, अडीच-तीनशे वर्षांपूर्वीच्या वाद्याचा तो लहान केलेला नकाशा होता. मापं आकड्यांत लिहिलेली. चाचांनी तो उलटा-सुलटा करून बघितला आणि आप्पांकडं सरकवला. आप्पांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आमच्या पोराला बोलावतो. त्यो कॉलेजात हाय."

असा मी त्यात आलो. कॉलेज सुटलं की दुकानात जायचं, नकाशावरचे शब्द वाचायचे, मापं मोठ्यानं सांगायची. काही शब्द जर्मन होते. ते मी फोनवर शोधायचो, अर्थ लागला नाही की मॅडमना विचारायचो. मला इंग्रजीसुद्धा धड येत नव्हतं, हे आप्पांना सांगायचा धीर झाला नाही. मी वहीत अर्थ लिहून न्यायचो आणि जणू मला आधीपासून माहीत होतं असं वाचून दाखवायचो. आप्पा कान देऊन ऐकायचे. मी काही सांगतोय आणि आप्पा ऐकतायत, असं त्याआधी आमच्यात कधी घडलं नव्हतं.

ते वाद्य दिसायला पियानोसारखं, पण सडपातळ. आत हातोड्या नसतात. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकावर एक उभी काडी असते आणि काडीच्या अंगाला पिसाचं बारीक टोक खोचलेलं असतं. पट्टी दाबली की काडी वर उडते आणि पीस तारेला छेडून जातं. जुन्या जर्मन वाद्यांत पट्ट्यांचे रंग पुष्कळदा उलटे असायचे, खालच्या काळ्या आणि वरच्या पांढऱ्या. काळ्यांसाठी आप्पांनी शिसव वापरलं. पांढऱ्यांसाठी चाचांनी ओळखीतून म्हशीचं हाड आणलं आणि ते इतकं घासलं की त्यात खिडकी दिसायला लागली.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते कुशीवरून. वाद्याची एक बाजू नदीसारखी वळत जाऊन शेवटाला गोल होते. पॅटर्नवाले लाकूड वाकवत नाहीत, तुकडे जोडून हवा तो आकार कोरून काढतात. चाचांचं म्हणणं, तसंच करू. मॅडम म्हणाल्या की तुकड्यांचं केलं तर आवाज मरेल, फळी अखंड हवी. आप्पांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ते घरून अंघोळीचं पाणी तापवायचा हंडा घेऊन आले. फळ्या उकळत्या पाण्यात भिजवून साच्यावर आवळायच्या. दोन फळ्या तडकल्या, तिसरी वळली. आठ दिवस आईनं आम्हाला गार पाण्यानं अंघोळ करायला लावली आणि गाणं ऐकायला मिळणार का निदान, म्हणून रोज विचारलं.

शेजारच्या फाउंड्रीतले लोक चहाला आले की त्या सांगाड्याभोवती फिरायचे. हे कुठल्या पंपाचं पॅटर्न, असं एकानं विचारलं. चाचा म्हणाले, "पंपाचं न्हाय बाबा, गाण्याचं." तो म्हणाला, मग भट्टीत कधी घालायचं? त्यावर सगळे हसले, आप्पासुद्धा. पुढं ते हसणं मला फार आठवलं.

पिसं कावळ्याची लागायची. मॅडम म्हणाल्या, हल्ली प्लॅस्टिकची मिळतात, पण पहिल्यांदा जुन्या रीतीनं करून बघू या. कावळ्याची पिसं गोळा करायची म्हटल्यावर आप्पा जरा बिचकले. पंचगंगेच्या घाटावर कावळ्यांना तोटा नाही, पण तिथली पिसं आणू नकोस, असं त्यांनी मला बजावलं. तिथं कावळे कुणाकुणाच्या घासाला शिवायला आलेले असतात. म्हणून मी गावातल्या शाळेमागच्या चिंचेखाली जाऊ लागलो. एकदा गावातल्या काकूंनी हटकलं.

"काय रं, कॉलेजात हेच शिकिवत्यात व्हय?"

"गाण्यासाठी लागत्यात, काकू."

"कावळ्याच्या पिसानं गाणं? मग आमच्या म्हाताऱ्याला बी घिऊन जा की, त्यो बी तसाच गातोय."

मला लाज वाटली, पण पिसं घेऊन आलो. आप्पा ती ब्लेडनं तासायचे. नखाएवढं टोक, त्याला तिरपा काप. तीस वर्षं लोखंडासाठी लाकूड तासणारा माणूस खिडकीच्या उजेडात पीस तासतोय, हे चित्र माझ्याकडे कुठल्याही फोटोशिवाय शाबूत आहे.

आता जी गोष्ट सांगायची ती.

पावसाळ्यानंतरचा एक रविवार होता. पट्ट्यांचा भाग पूर्ण झाला होता. आप्पा आणि चाचा जेवायला बसले होते. मला त्या पट्ट्यांचं चित्र वहीत काढून ठेवायचं होतं, म्हणून मी माझ्या कंपासपेटीतली प्लॅस्टिकची मोजपट्टी त्यांच्यावर धरली. नकाशात एका सा-पासून वरच्या सा-पर्यंतची रुंदी सोळा सेंटिमीटर दिली होती. माझ्या पट्टीवर ती सोळाच्या पुढं तीन रेघा आली. मी पुन्हा धरली, पुन्हा तेच.

मला पहिल्यांदा वाटलं, विचारावं. मग पट्टीकडं बघितलं. दहावीपासूनची, उन्हात राहून जराशी वाकलेली. तिकडं आप्पांच्या खिशात पोलादाचं स्केल, ज्याच्यावर त्यांनी उभं आयुष्य काढलं. पुस्तकातली चार अक्षरं वाचून मी आप्पांच्या हातात चूक काढायची? मी ठरवलं की माझीच पट्टी चुकीची आहे. वहीत सोळा लिहिलं आणि पट्टी पेटीत ठेवून दिली.

बाकी सगळं नीट चाललं होतं. भाग भागाला असा बसायचा की सांध्यात केस जात नसे. मॅडमनी परदेशातून आणलेली स्प्रूस लाकडाची पातळ फळी आत चिकटवली, तिच्यावर तारा टेकायचा वळणदार ब्रिज बसवला, खुंट्या ठोकल्या. उन्हाळा लागताना मॅडम तारांची वेटोळी घेऊन आल्या आणि दोन दिवस दुकानात बसून तारा चढवत राहिल्या. खालच्या पितळी तारा गुमान बसल्या. तिसऱ्या दिवशी वरच्या लोखंडी तारा सुरात आणायला घेतल्या, आणि पहिली तार तुटली.

एखादी तुटतेच, असं त्या म्हणाल्या. मग दुसरी तुटली. तिसरी तुटताना त्यांच्या हाताला ओरखडा उठला. दुपारपर्यंत सात तारा गेल्या. मॅडमनी समजावून सांगितलं की या वाद्यात वरच्या तारा मुळातच तुटण्याच्या जवळ ताणलेल्या असतात, त्यातच त्यांचा आवाज असतो. त्यात त्यांना वाद्य आजच्या पियानोच्या सुराला लावायचं होतं, जुन्यापेक्षा थोडं वर. त्यामुळं मोकळीक फारच थोडी होती. पण तेवढी तर पुरायला हवी होती. तारेची लांबी चुकली असेल तरच असं होईल.

आप्पांनी स्केल काढून सगळ्यात वरच्या तारेपासून मोजायला सुरुवात केली. मी नकाशावरून आकडा वाचायचो, ते स्केल लावायचे, आणि आकडा जुळायचा. पुढची तार, जुळली. त्याच्या पुढची, जुळली. आप्पांनी स्केल पुसून पुन्हा लावलं. मला ते तीन रेघा पुढं आलेलं सोळा आठवलं.

मी कंपासपेटी उघडली आणि पट्टी आप्पांच्या स्केलशेजारी ठेवली. माझे तीस सेंटिमीटर संपले तेव्हा त्यांचे तीस व्हायला अजून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त बाकी होतं. मॅडमनी पर्समधून मेजरिंग टेप काढून शेजारी धरला. तो माझ्या पट्टीशी जुळला.

चाचा आधी समजले. ते लाकडाच्या ढिगावर बसले आणि कपाळावर हात मारून आप्पांना म्हणाले, "मिस्त्री, आपुन तर हे वतायला निघालो हुतो."

ओतलेलं पोलाद गार होताना आकसतं, शंभराला दोन या हिशोबानं. म्हणून त्याचं पॅटर्न तेवढं मोठं करावं लागतं. दर वेळी आकडेमोड नको म्हणून पॅटर्न मेकरचं स्केलच तसं मोठं आखलेलं असतं. श्रिंकेजचं स्केल. त्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा मोठा असतो. बिडासाठी वेगळं, पितळेसाठी वेगळं. चाचांच्या दुकानात कित्येक वर्षं फक्त पोलादी व्हॉल्व्हचं काम येत होतं. आप्पांच्या स्केलच्या टोकाला कधीकाळी दोनचा आकडा ठोकलेला होता, तो त्यांच्याच अंगठ्यानं पुसून गेला होता. साधं स्केल त्या दुकानात उरलंच नव्हतं. सगळंच्या सगळं वाद्य एकाच स्केलनं झालं होतं, म्हणून प्रत्येक भाग दुसऱ्याला नीट बसत गेला आणि कुणाला काही कळलं नाही.

आप्पा वाद्याकडं बघत म्हणाले, "वतलं असतं तर बरुबर मापात आलं असतं."

कुणी हसलं नाही.

आप्पांनी ते मोडून पुन्हा करतो म्हणून सांगितलं. मॅडम नको म्हणाल्या. तशी आतली फळी दुसरी मिळायची नव्हती, आणि त्यांना ते मोडलेलं बघवलं नसतं. त्या म्हणाल्या की जुन्या काळी हे वाद्य आजच्यापेक्षा अर्धा सूर खालीच लावत. तसं लावून बघू. त्यांनी सगळ्या तारा सैल केल्या, तुटलेल्या पुन्हा चढवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वाद्य लागलं. त्यांनी थोडंसं वाजवलं. पितळी ताटात जोंधळा सांडावा तसा तो आवाज होता, आणि सांडता सांडता कुणीतरी त्याला ओळीत लावत होतं. शेजारचा ग्राइंडर बंद पडला. फाउंड्रीतले लोक दारात येऊन उभे राहिले, आणि त्या दिवशी भट्टीचं नाव कुणी काढलं नाही.

पण आप्पा ऐकत होते ते गाणं नव्हे. पुढची तार कधी तुटते, तेच ते ऐकत होते.

टेम्पो आला तेव्हा चाचांनी घरून गाद्या आणून वाद्याखाली घातल्या. आप्पांनी टेम्पोवाल्याला चार-चारदा सांगितलं, "पावणं, घाटात दमानं घ्या. पेटी न्हाय, काच हाय असं समजा." निघताना त्यांनी मॅडमना विचारलं की हे टिकेल का. मॅडम खोटं बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माप वाढलंय, त्यामुळं ताण कुठं कसा येईल ते मला आत्ता सांगता येत नाही. गोव्याचे दोन पावसाळे काढू देत. टिकलं तरी कळवीन, मोडलं तरी कळवीन."

त्या संध्याकाळी सायकल हातात धरून आम्ही दोघं चालत घरी निघालो. उजळाईवाडीच्या पुढं आल्यावर मी त्यांना त्या रविवारचं सांगितलं. मला दिसलं होतं आणि मी गप्प बसलो. आप्पांनी सायकल दुसऱ्या हाताला घेतली.

"बोलाया पायजे हुतंस," ते म्हणाले. "मी ऐकलं नसतं, ती गोष्ट येगळी."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. पण त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी पाटावर हत्यारं मांडली, रंधे, पटाशा, करवती, सगळ्यांना हळदकुंकू लावलं, आणि त्यात ते स्केल नव्हतं. पुढं माझ्या पुस्तकांच्या फळीवर, डिक्शनरीमागं ते मला सापडलं. तिथं कोण ठेवणार दुसरं. मी ते तसंच राहू दिलं.

पहिला पावसाळा गेला. काही निरोप आला नाही. चाचांच्या दुकानातलं काम कमी होत होतं. आता पॅटर्नही कॉम्प्युटरवर कापून मिळतात, सकाळी दिलं की संध्याकाळी तयार. चाचांच्या गुडघ्यांनी साथ देणं सोडलं, तेव्हा त्यांनी शटर ओढलं. आप्पा गांधीनगरात एका फर्निचरवाल्याकडे जाऊ लागले. तिथं प्लायवूड असतं आणि बाजारातला टेप. चुकायला जागा न्हाय, असं ते म्हणतात. त्यात कौतुक असतं की तक्रार, ते मला कळत नाही. मी बी.ए. झालो, एम.ए.ला नाव घातलं. गोव्याकडं पाऊस जोरात आहे, अशी बातमी लागली की आप्पा जेवता जेवता थांबायचे. दुसरा पावसाळाही गेला. मॅडमना आपणहून फोन करायला मी धजलो नाही. दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. मोडलं असेल तर त्यांना ते तोंडानं सांगावं लागेल, असं वाटायचं.

यंदा दसऱ्याच्या आधी, मी लायब्ररीत असताना, त्यांचा लांब मेसेज आला. तिथं न वाचता मी बाहेर आलो, आणि बाहेरही न वाचता घरी गेलो. आप्पा नुकतेच येऊन पाय धुत होते. मी मोठ्यानं वाचायला लागलो, पूर्वी मापं वाचायचो तसा. ते ओल्या पायांनी तिथंच उभे राहिले.

मॅडमनी उशिराबद्दल माफी मागितली होती. दोन पूर्ण पावसाळ्यांआधी काही कळवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पहिल्या पावसात आतल्या फळीला एक केसाएवढी चीर गेली, ती त्यांनी सरसानं भरली. एक तार तुटली, ती त्यांच्याच हातून, घाईत. बाकी एकही नाही. वाद्य अर्धा सूर खाली लावलेलं आहे आणि तिथंच त्याचा आवाज बसलाय. कावळ्याची पिसं मात्र झिजली, जमल्यास पाठवावीत.

आणि शेवटी लिहिलं होतं: "एक गोष्ट मला माझ्या विद्यार्थ्यांनी दाखवून दिली. मूळ जर्मन वाद्याच्या पट्ट्या पियानोपेक्षा अरुंद असतात, त्यामुळं पियानो शिकलेल्या मुलांची बोटं तिथं चुकतात. तुम्ही केलेल्या वाद्यावर ती चुकत नाहीत. मोजून बघितलं तर तुमच्या पट्ट्या वाढून जवळजवळ पियानोएवढ्या झाल्यात. मुलं आता त्याच्यावरून उठत नाहीत. मला आणखी एक करून हवं आहे. मिस्त्रींना विचार, ते स्केल अजून त्यांच्याकडं आहे का. तारांची मापं या वेळी टेपनं घेऊ या. पट्ट्या मात्र त्याच स्केलनं करा म्हणावं."